त्या लगोऱ्या गुराख्यांच्या नव्हेत

मागच्या लेखात मी ठामपणे लिहिलं होतं: नदी ओलांडल्यावर डाव्या धारेवर गुराख्यांनी रचलेल्या दगडांच्या जुन्या लगोऱ्या दिसतील, त्यांच्यामागे डोळे मिटून जा. कृपया जाऊ नका. डोळे उघडे ठेवूनही जाऊ नका. चौथीपर्यंत मला आत्याने घरीच शिकवलं. चूक जेवढ्या मोठ्या अक्षरात, दुरुस्तीही तेवढ्याच, हा तिचा नियम. म्हणून सगळं पुन्हा सांगते.

आम्ही सहा जण पहाटे संगमनेरहून जीप करून निघालो. राजूरपर्यंत रस्ता बरा, पुढे कंबरेची परीक्षा. मुळेकाठच्या वाडीत हिराबाईंकडे चहा घेऊन दुपारचं जेवण सांगून ठेवलं. माणशी दीडशे रुपये, भाकरी हव्या तेवढ्या. आमचा म्होरक्या माझा मावसभाऊ निखिल. त्याची पात्रता एवढीच की शिट्टी त्याच्याकडे आहे.

नदीला गुडघाभर पाणी होतं. मी बुटांची पिशवी तिसऱ्यांदा बांधत होते.

"ताई, नदी आटायची वाट बघतेस का?" निखिल पलीकडून ओरडला.

हात धरून, काठी रोवत आम्ही उरलेले पार झालो. मधोमध माझा एक मोजा वाहून गेला. सगळ्यांनी त्याला उभं राहून मानवंदना दिली.

पलीकडे पायवाट संपते. कारवीच्या झुडपांत घुसून थेट धार गाठायची. मी अर्थातच शेवटची, पुढचे कधीच दिसेनासे झालेले. पण दर वळणावर तीन-चार दगडांची नीटस लगोरी दिसायची आणि जीव भांड्यात पडायचा. जुन्या माणसांना केवढी काळजी, असं मी वहीत टिपूनही ठेवलं. वर कमरेएवढं गवत. शेवटच्या लगोरीपुढे चार पावलांवर सरळ कडा. बाकीचे पाच जण तिथे अचानक शहाणे होऊन बसले होते.

तेवढ्यात शेजारच्या घळीतून हाक आली. हिराबाई गवत कापायला आल्या होत्या.

"आरं, तिकडं कुठं? तिथनं गुरंबी माघारी फिरत्यात!"

त्यांनी आम्हाला घळीतूनच नदीवर उतरवलं. मग वाडीत नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, वर आमच्या अकलेवर फुकट टिप्पणी. संध्याकाळी घरी.

लेख टाकल्यावर निखिलचा फोन आला.

"कसले गुराखी? मी रचल्या त्या. तू मागे एकटी घाबरशील म्हणून."

"मग पाडल्या का नाहीस?"

"येताना पाडणार होतो. त्या वाटेने आलो कुठे आपण?"

त्याच दिवशी श्रीगोंद्याच्या एका शिक्षिकेचा मेसेज: येत्या रविवारी घरची मुलं घेऊन निघतोय, तुमच्या लगोऱ्यांचा मोठा आधार. त्यांना लगेच फोन करून थांबवलं. पण माझा लेख कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरतोय, मला माहीत नाही. ही दुरुस्ती त्याच्यामागून तेवढी धावेल असंही वाटत नाही. त्या सहलीतून मोजा गेला, पोटऱ्यांचं दुखणं आठवड्यात थांबलं. गवतातली ती चार पावलं मात्र रोज डोळ्यांसमोर येतात.

दगड हाताने पाडायला हवेत, असं मी निखिलला सांगितलं.

"रविवारी जाऊ ना, सुट्टी आहे."

"लोकही रविवारीच जातात. मी शनिवारी जातेय. येत्या."