डावीकडे वळलेली शिडी

नववीचा आनुवंशिकतेचा धडा मी कितीतरी वर्षं फळ्यावरच शिकवला. दोन रंगांचे खडू घ्यायचे, पिळाची शिडी काढायची, पायऱ्यांवर ए, टी, जी, सी लिहायचं. मुलं ती आकृती वहीत उतरवायची, परीक्षेत पुन्हा उतरवायची आणि मेच्या सुट्टीत विसरून जायची. डीएनए म्हणजे काय असं दहावीत विचारलं की कुणीतरी हमखास सांगायचं, "मॅडम, ते पोलिसांच्या तपासात असतंय."

करोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा मुलांची फळ्याकडं बघायची सवयच मोडली होती. एक दिवस मी महाद्वार रोडवरून चार रंगांचे काचेचे मणी आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आले. लाल म्हणजे ए, पिवळा टी, हिरवा जी, निळा सी. लालसमोर पिवळाच, हिरव्यासमोर निळाच, एवढा एकच नियम. पहिल्या बाकावरच्यांनी मी दिलेल्या क्रमानं एक सर ओवायचा. मागच्या बाकानं तो बघून त्याच्या जोडीचा सर करायचा, त्यांच्या मागच्यांनी त्या जोडीची जोडी. असं शेवटच्या बाकापर्यंत. पेशी दुभंगताना डीएनएची प्रत कशी निघते, ते मला दाखवायचं होतं. वर्गात इतकी शांतता मी पूर्वी फक्त परीक्षेत पाहिली होती.

शेवटच्या बाकाचा सर पहिल्याशी ताडून पाहिला तर जुळेना. मागची पोरं एकमेकांवर चूक ढकलायला लागली. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून पुढं आली. राहायला शिवाजी पेठेत. तिची आई गुजरीतल्या सराफांचे दागिने घरी आणून गाठवून द्यायची, म्हणजे मणी रेशमात ओवून गाठी मारायची. लेखी परीक्षेत ही मुलगी जेमतेम पास व्हायची. तिनं सगळे सर टेबलावर एकाखाली एक मांडले आणि बोट फिरवत थांबली.

"हितं चुकलंय," ती म्हणाली. "पण मॅडम, ह्येच्या फुडच्यांनी बरोबरच केलंय बघा. चुकीच्या मण्याला बरोबर जोडी लावलीया."

उत्परिवर्तन, म्हणजे प्रत निघताना झालेली चूक, पुढं का टिकतं, हे मी त्या वर्गाला पुढच्या आठवड्यात सांगणार होते. तिनं ते एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मी वर्गाला म्हटलं, ही काय म्हणाली ते वहीत लिहून घ्या. ती कानापर्यंत लाल झाली.

मग आम्ही मोठं मॉडेल करायला घेतलं. म्हणजे तिनंच. "मी करतो की, मॅडम," म्हणाली. आमच्या भागातल्या बायका-मुली असंच बोलतात, मी आलो, मी गेलतो, मी करतो. मीही तसंच बोलायची. बीएडला पुण्यात गेले तेव्हा होस्टेलवर पोरी इतक्या हसल्या की महिन्याभरात माझी जीभ सरळ झाली. तिच्या तोंडून ते ऐकताना मला बरं वाटायचं.

मी तिला रक्तातलं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकाचा सुरुवातीचा खरा क्रम लिहून दिला. तांब्याच्या तारेवर तिनं तो मणी मणी करून चढवला. त्यातली एकच जोडी बदलली की सिकलसेलचा आजार होतो, हे सांगितल्यावर तिनं ती जोडी काढता-घालता येईल अशी आकड्यात अडकवली. पीळ कुठल्या बाजूला द्यायचा, असं तिनं विचारलं. मी उजव्या हाताची मूठ करून अंगठा वर धरला आणि दाखवलं, बोटं वळतात तशी वळत शिडी वर चढते. समोरून बघितलं की पट्टी वर जाताना उजवीकडे झुकायला हवी. तिनं दोनदा उलगडून पुन्हा वळलं. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत आम्ही दोघी आणि मण्यांचे डबे, असे ते दिवस होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी त्याहून सुखात कधी नव्हते.

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल निवडलं गेलं. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं.

"छान झालंय मॅडम. परीक्षकांसमोर बोलणार कोण?"

"जिनं केलंय ती."

ते थोडं हसले. "मराठी तुकडीतली ना ती? ती 'मी असं केलो, मी तसं केलो' म्हणणार. बाहेरचे लोक येणार आहेत. शाळेचं दिसतं ना ते."

"तिला विषय कळलाय, सर. काहीही विचारलं तरी सांगेल."

"सेमी इंग्रजीच्या तुकडीतली एक मुलगी ठरवलीय. संस्थेतल्यांचंही तेच म्हणणं आहे. तुमच्या मुलीचं नाव मदतनीस म्हणून घालू."

मी वाद घातला. संस्थेच्या एका सभासदांनाही जाऊन भेटले. त्यांनी चहा दिला आणि मुख्याध्यापकांशी बोला म्हणाले.

तिला सांगायचं काम माझ्यावरच आलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझं बोलणं चुकीचं हाय?"

"नाही."

"मग?"

मी टेबलावरचे मणी रंगवार डब्यांत भरायला घेतले. दुसऱ्या दिवशी तिनं त्या सेमीच्या मुलीला सगळं मॉडेल समजावून सांगितलं. कुठला रंग कशाचा, कुठली जोडी निघते, का निघते. ती मुलगीही चांगली होती. मन लावून टिपून घेत होती. तिच्यावर राग काढता आला असता तर मला सोपं गेलं असतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मॉडेल टेम्पोतून गेलं. त्यावर कुणीतरी फलकांच्या लोखंडी चौकटी टाकल्या आणि ते चेपलं. मला कळवलं असतं तर मी तिला घेऊन गेले असते, तिनं संध्याकाळपर्यंत पुन्हा उभं केलं असतं. पण मुख्याध्यापकांनी ते स्नेहसंमेलनाचं स्टेज करणाऱ्या डेकोरेटरला दिलं. त्यानं आहे त्यातलं काही न वापरता नवीनच केलं, माणसाएवढं, थर्माकोलचं, आतून दिवे लावलेलं. सकाळी मी प्रदर्शनाच्या हॉलवर पोचले तेव्हा ते लुकलुकत होतं. मणी दिसायला छान म्हणून हवे तसे चिकटवलेले. लालसमोर लाल, निळ्यासमोर पिवळा. आणि सगळी शिडी डावीकडे वळलेली.

"सर, हे चुकलंय," मी म्हटलं. "पीळ उलटा आहे. जोड्याही चुकल्यात."

"मॅडम, आता लायटिंग लागलंय," ते म्हणाले. "कोण बघतंय एवढं?"

कुणीच बघितलं नाही. परीक्षक आले, सेमीच्या मुलीनं पाठ केलेलं न अडखळता म्हटलं, परीक्षकांनी मान डोलावली. आमच्या शाळेला बक्षीस मिळालं.

आठवड्याभरानं ते मॉडेल शाळेच्या दर्शनी व्हरांड्यात बसवायचा कार्यक्रम झाला. संस्थेची मंडळी खुर्च्यांवर, मुलं समोर सतरंज्यांवर. फीत कापून दिवे लागले, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर मुलींच्या रांगेतून तिचा आवाज आला. मोठा आणि स्वच्छ.

"सर, हे उलटं वळलंय. आणि मणी कसंबी लावल्यात."

मुख्याध्यापक पाहुण्यांकडं बघून हसले. "बाळ, आधी नीट बोलायला शिक. मग आम्हाला विज्ञान शिकव."

पाहुणे हसले. मग मुलंही हसली, तिच्या वर्गातलीसुद्धा. मी शिक्षकांच्या रांगेतून उठून म्हटलं, "सर, ती बरोबर सांगतेय." ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "कार्यक्रम आटपू दे, मॅडम." पाठोपाठ आभार झाले आणि पोह्यांच्या बशा फिरल्या. ती पोहे न खाता घरी गेली.

त्यानंतर शाळेचं विज्ञान मंडळ माझ्याकडून काढून घेतलं. मण्यांचा तास बंद करा, पोर्शन मागं राहतोय, असं सांगण्यात आलं. मॉडेल अजून तिथंच आहे. नववीची मुलं येता-जाता ते बघतात आणि परीक्षेत डावीकडे वळलेली शिडी काढतात. मी गुण कापते. ती तक्रार घेऊन येतात, "मॅडम, व्हरांड्यात तसंच हाय की." मग मी गुण परत देते. वाद घालायची ताकद उरलेली नाही, आणि मुलांचा त्यात काय दोष.

दहावीच्या वर्षात ती वर्गात बोलायची बंद झाली. प्रश्न विचारला तर उभी राहायची, खाली बघायची. पालकसभेला तिची आई आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तुमी तिला लई वर चढवलासा. आता घरात कुणाशी बोलत न्हाई. नुसती गप बसती." ती रागावून बोलत नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

परीक्षा झाल्यावर एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. अकरावीला ती कॉमर्सला जाणार असं कानावर आलं होतं. गुणांची काळजी करू नको, मी शिकवीन, फी लागणार नाही, असं मी बरंच काही बोलले. तिची आई चहाला आत गेली होती. ती माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती.

"सायन्स नको, मॅडम," ती म्हणाली. "मी करणार आणि तितंबी माझ्याऐवजी दुसरंच कोणतरी बोलणार."

"सगळीकडं असं नसतं गं."

"तुमी बोललासा की त्या दिवशी," ती म्हणाली. "काय झालं?"

चहा आला. तो पिता पिता आम्ही तिघी तिच्या मावशीच्या लग्नाविषयी बोललो. निघताना ती दारापर्यंत आली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला. काय म्हणाले ते मला आठवत नाही.