टाळी नसलेली संस्था

डहाणू रोडला आमच्या संस्थेचं ऑफिस मी सांभाळते. हल्ली तलासरीकडे पाड्यापाड्यावर नव्या संस्था आल्या आहेत, आणि बैठक सुरू करताना सगळ्यांनी मिळून ठेक्यात वाजवायची प्रत्येकीची टाळी वेगळी. मला या प्रकाराचा मनस्वी राग येतो.

परवा एका पाड्यावर बैठकीला गेले. विहिरीपाशी बायका गोल करून बसल्या आणि एकीने उत्साहाने विचारलं, "ताई, तुमची टाळी कुठली?"

"आमच्यात टाळी नसते," मी जरा तोडूनच म्हणाले.

ती समजुतीने हसली. "नवीन आहात ना, शिकाल हळूहळू."

ज्या विहिरीच्या कठड्याला ती टेकली होती, ती आमच्याच संस्थेने बांधलेली, ही बाई लग्न होऊन इथे यायच्या आधी. तेव्हा नावाची पाटी लावायची पद्धत नव्हती.