वसंतला जाळू दिलं नाही

तिरडी बांधून झाली होती. वसंतला आंघोळ घालताना मी त्याचे तळपाय पाहिले. काळेनिळे, सुजून फुटलेले. माझा मुलगा शिंपी, वय एकतीस. चोरीच्या कापडाबद्दल विचारायचंय म्हणून पोलिसांनी त्याला नेलं. तिसऱ्या दिवशी ठाण्यातून निरोप आला, छातीत कळ येऊन गेला. डॉक्टरच्या कागदातही तेवढंच. शवागारातला माणूस प्रेत देताना माझ्या कानाशी कानडीत म्हणाला होता, "सुडबेडी, अम्मा." जाळू नका. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "पुरायचं. कोर्ट सांगेल तेव्हा उकरून बघतील."

माझा धाकटा भाऊ गोविंदा ओरडला, "अक्का, डोकं फिरलं काय? आपल्यात दात न आलेलं पोर पुरतात!"

"मग त्यांच्याशेजारी पुरा."

पुरलं. स्मशानाच्या कडेला, तान्ह्या पोरांच्या जागेत.

तेराव्याला तुमच्यापैकी कोणी जेवायला आलं नाही. गल्लीत राहिलेल्यांना हे लिहितेय, आणि माझ्यासारखं गल्ली सोडून गेलेल्यांनाही. आम्ही राहायचो ते घर गोविंदाचं. महिन्याने तो म्हणाला, "स्वल्प समजून घे, अक्का. पोलीस दारात येतात. पोरींची लग्नं व्हायचीयत."

"सरी, ठीक आहे. तुझ्या पोरी जिवंत आहेत. कर लग्नं."

शिलाई मशीन टेम्पोत टाकलं आणि सुनेला, सरोजाला, घेऊन होसकोटेला आले. चाळीस वर्षांचा शेजार, पण निरोपाला दारात कोणी उभं राहिलं नाही. खिडक्यांतून मात्र सगळे बघत होतात.

माझ्या अर्जावर कोर्टाने पाच महिन्यांनी उकरायला लावलं. मी समोर उभी होते. दुसऱ्या डॉक्टरने लिहिलं, मारून चार बरगड्या मोडल्या. ही ती छातीतली कळ. दोन पोलीस निलंबित झाले, खटला चालला. ठाण्यातलं कोणी साक्षीला तोंड उघडेना. दोघे सुटले, परत खाकीत आले. गोविंदाने निरोप पाठवला, एवढं करून मिळालं काय? सरकारी कागदावर आधी "कळ आली" होतं, आता "मारलं" आहे. एवढं मिळालं. त्यासाठी पुन्हा पुरेन.

घर विचारलं तर मी होसकोटे सांगते. सरोजा इथल्या कारखान्यात शर्टाच्या कॉलर शिवते. आसपास मराठी कोणी बोलत नाही. मला ताप आला तेव्हा शेजारीण सार-भात घेऊन आली, जात-रीत विचारत बसली नाही. तुमची आठवण येते. परत यायचं नाही.

ते दोन पोलीस जिवंत आहेत. मी आणि सरोजाही.