बटण बांधलेल्या पट्ट्या

त्या रविवारी आमच्या कोपरीत असा उकाडा होता, की इस्त्री न तापवताच कापड सरळ झालं असतं! शिंप्याकडे चिंध्या साठतात तसे किस्सेही साठतात. टाकू म्हटलं तरी टाकवत नाहीत. पण त्या एका दिवशी साठले तेवढे आख्ख्या वर्षात साठले नव्हते.

दुकान मी बंद करायला काढलेलं. सगळे तयार कपडेच घेतात. सोमवारी भंगारवाला मशीन नेणार होता. शेजारच्या सुलभावहिनी म्हणाल्या, "सुटले बाई! भिंतीपलीकडची खडखड संपली एकदाची!"

*

त्याच सुमारास डोंबिवलीची रुचिरा आली. आर्ट शिकलेली पोर. तिची कल्पना अशी: रविवारी चौकात मांडव घालायचा, मशिनी मांडायच्या, भिवंडीच्या मागावरचं कापड आणायचं आणि गल्लीचे कपडे गल्लीनेच शिवायचे, सगळ्यांसमोर.

"काका, तुम्ही परफॉर्म करायचं!"

"नाचायचं का गं?"

"नाही हो, शिवायचं. लोक बघतील."

"लोक चाळीस वर्षं बघतायतच. फक्त बघताना 'झालं का, झालं का' म्हणतात!"

*

रविवारी मांडवात मी सुईत दोरा ओवला, तर टाळ्या! दचकून दोरा निसटला.

मागून आवाज आला, "काका, परत ओवा ना, व्हिडिओ राहिला!"

तीनदा ओवला. एवढा मान पँट शिवून कधी मिळाला नव्हता.

*

बँकेतून रिटायर झालेले जोशीसाहेब उशीचा अभ्रा शिवायला बसले. तासभर मान वर नाही. शिलाई अगदी सरळ. चारही बाजूंनी!

बायको म्हणाली, "अहो, आता उशी कुठून घालू?"

साहेब शांतपणे म्हणाले, "ते तुमचं डिपार्टमेंट!"

*

मी शाळेत गेलो नाही. अक्षरं पुढे दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो, पण माप कधी लिहिलं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक कापडी पट्टी. छाती, बाही, गळा, जिथे माप संपेल तिथे कात्रीची खूण. ओळख पटायला टोकाला त्याच्याच जुन्या शर्टाचं बटण.

दुपारी बघतो, तर रुचिराने माझ्या सगळ्या पट्ट्या मांडवाला तोरणासारख्या टांगलेल्या!

"अगं, ती माझी गिऱ्हाइकं आहेत! उन्हात लटकवलीस?"

सगळे हसले आणि जो तो आपलं बटण शोधायला लागला. "मास्तर, हे माझं लग्नातलं माप? शक्यच नाही!" पोटावर पट्टी लावून हसायचे, कापड निवडायचे आणि म्हणायचे, "नवीन माप घ्या." संध्याकाळपर्यंत माझ्यापुढे कापडांचा ढीग लागला.

सुलभावहिनी मात्र एकाच पट्टीपाशी उभ्या होत्या. टोकाला तपकिरी बटण. त्यांचे मिस्टर, नाना, जाऊन दोन वर्षं झाली. शर्ट शिवायचा तर माझ्याकडेच, हा नानांचा हट्ट.

वहिनींनी पट्टी आपल्या हातावर लावून बघितली. मग चौकडीचं कापड उचललं आणि पट्टीसकट माझ्या मशीनवर ठेवलं.

"मास्तर, उद्या भंगारवाल्याला परत पाठवा. ह्या मापाचा शर्ट शिवा. बाह्या आखूड करू नका, मी दुमडून घालीन."