एक लांब, तीन आखूड

माझी मावशी दारावरची बेलसुद्धा अशी वाजवते की आतल्या माणसाला ती ऐकू जाऊ नये. वस्तू दाबणं तिच्या हातांना ठाऊकच नाही. एकोणिसाव्या वर्षी ती छापखान्यात लागली तेव्हा थोरल्या जुळाऱ्यानं पहिल्याच दिवशी तिच्या बोटांवर पट्टी मारून सांगितलं होतं, "खिळा शिशाचा असतो, पोरी. मऊ. तोंडावर दाबलास की नकटा झाला, मग हजार प्रतींत हजार वेळा नकटा छापला जाणार. खांद्याला धर." खिळा म्हणजे छपाईचं एक अक्षर, आणि ती अक्षरं एकेक करून उचलून ओळ जुळवतो तो जुळारी. मावशीनं सोळा वर्षं खिळे जुळवले. मग खिळे वितळवायला गेले, त्यांच्या जागी संगणक आला, आणि मावशी उभ्याची बसती होऊन तेच काम करू लागली. पुढे छापखानाही बंद पडला. तेव्हा तिनं स्वतःचा संगणक घेतला आणि घरातल्या आतल्या खोलीत, खिडकीशी पाठ करून बसली. त्याला तेरा वर्षं झाली.

तिथे बसून तिनं लग्नपत्रिका केल्या, शाळांची वार्षिकं केली, कुणाकुणाच्या कविता केल्या. पण गेली सहा वर्षं तिचं खरं काम एकच होतं. मास्तरांचा कोश. मास्तर म्हणजे निवृत्त झालेले एक शिक्षक. सुतार, लोहार, गवंडी, विणकर यांच्या हत्यारांची नावं त्यांनी चाळीस वर्षं चिठ्ठ्यांवर लिहून ठेवली होती. चपलांच्या खोक्यांत भरलेल्या त्या चिठ्ठ्या मावशीकडे यायच्या आणि पानं होऊन परत जायच्या. तपासायचं मावशीनंच, कारण मास्तरांचा एक डोळा गेलेला होता आणि दुसरा त्यांनी, त्यांच्याच शब्दांत, "वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांसाठी राखून" ठेवलेला होता.

"तुमची नजर म्हणजे माझी नजर," असं ते फोनवर म्हणायचे. पूर्वी मावशीला ते ऐकून बरं वाटायचं.

अलीकडे ते ऐकलं की ती विषय बदलायची. दीड वर्षापासून तिला ओळीच्या मधोमध धुकं दिसत होतं. कडेचं स्पष्ट, जिथे बघावं तिथलंच पुसट. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळू. मोठा पडदा घ्या, अक्षर मोठं करून वाचा. मावशीनं हे घरी निम्मंच सांगितलं. "जुना पडदा मिणमिणायला लागलाय," एवढंच ती काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, म्हणाली. मास्तरांना तर काहीच नाही. कोशाची शेवटची पानं महिनाअखेरीला द्यायची होती. आधीची तीनशे पानं तिनं 'तपासून बरोबर' असा शेरा मारून देऊन टाकलेली होती, आणि त्यांची छपाई सोमवारी सुरू होणार होती.

मोठा पडदा आला. भिंतीएवढा काळा, गुळगुळीत. पण त्याची वायर मशीनच्या मागच्या कुठल्याच तोंडात बसेना. संगणक दुरुस्त करणाऱ्या दुरुस्तीवालीनं फोनवरच निदान केलं. "काकू, तुमचं ग्राफिक्स कार्ड म्हाताऱ्या काळातलं आहे. पडद्यावर चित्र पाठवायचं काम त्याचं. एवढा मोठा पडदा त्याला झेपणार नाही. कार्ड बदलावं लागेल."

"म्हणजे उघडावं लागेल?"

"उघडल्याशिवाय कसं बदलणार? पोटात असतं ते."

मावशी रात्रभर कूस बदलत राहिली. कोश ज्या प्रोग्रॅममध्ये होता तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. मशीनच्या पाठीला करंगळीएवढं एक कुलूप लावलेलं होतं; ते कुलूप आणि ते मशीन एकत्र असतील तरच प्रोग्रॅम उघडायचा. कोशाच्या प्रती तिनं दुसरीकडे जपून ठेवल्या होत्या, पण दुसऱ्या मशीनवर त्या उघडल्या की सगळा अक्षरांचा चिखल दिसायचा. मशीन गेलं तर सहा वर्षं गेली. आणि पडदा मिळाला नाही तर डोळे असून नसल्यासारखे. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तशी ती दोन्ही काठांवर पाय ठेवून उभी होती.

मशीन दुकानात न्यायला ती तयार नव्हती. वाटेत धक्का लागला तर? दुरुस्तीवालीचा पाय प्लास्टरमध्ये, तिला दोन जिने चढता येणार नव्हते. दुसऱ्या कुणाला बोलवावं तर शेजारच्या शिंप्याचं उदाहरण डोळ्यासमोर होतं. त्याच्या संगणकाची 'सफाई' करायला आलेल्या माणसानं कपड्यांचे सगळे नमुने पुसून टाकले होते. शेवटी दुरुस्तीवालीनं कार्ड पाठवून दिलं. "मुद्दाम जुन्या मशीनला ओळखणारं शोधलंय. वेगळी वीज लागत नाही. मी फोनवर सांगते तसं करा. चार पावलं आहेत."

शनिवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घालून, मावशीनं मशीन आडवं निजवलं. काका टॉर्च घेऊन उभे. मधोमध बटणांचा फोन, स्पीकर लावलेला.

"तुझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हाही इतकी पांढरी पडली नव्हतीस," काका म्हणाले.

"तेव्हा आत काय आहे ते कापणाऱ्याला माहीत होतं. टॉर्च नीट धरा."

"मी धरलाय. तूच हलतेयस."

फोनमधून आवाज आला, "भांडण झालं की सांगा, मग पुढे जाऊ. प्लग काढलाय ना? आता चालू करायचं बटण दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाऊ दे. मग डब्याच्या पत्र्याला हात लावा."

"कशाला?"

"अंगातली वीज तिथे उतरते. नाहीतर बोटाच्या एका ठिणगीनं कार्ड मरतं. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. त्यानंतर मावशी दर अर्ध्या मिनिटाला पत्र्याला हात लावत राहिली, देवळातली पायरी शिवावी तशी.

झाकण उघडलं. आत तेरा वर्षांची राखाडी लोकर साचली होती. तिनं ती रंगाच्या ब्रशानं कडेला सारली, फुंकर मारायचीही तिला भीती वाटली. जुनं कार्ड दिसलं. त्याचा स्क्रू निघाला. "शेवटच्या टोकाला एक खटका असेल, प्लॅस्टिकचा," दुरुस्तीवाली सांगत होती. "तो बाजूला केल्याशिवाय ओढू नका. तसंच ओढलं तर खाचच उपटून येते, मग मला काही करता येणार नाही."

खटका कार्डाच्या खाली, अंधारात होता. बरोबर तिथे, जिथे बघावं तिथे, मावशीला धुकं दिसत होतं. तिनं डोळे मिटले आणि बोटानं शोधला. सोळा वर्षं खिळ्याची खाच तिनं बोटानंच ओळखली होती. खटका सरकला, कार्ड वर आलं.

"निघालं," ती म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज ओळखू येईना.

"शाब्बास. आता नवीन त्याच खाचेत. खट् आवाज येईपर्यंत."

तिनं नवीन कार्ड दोन्ही कडांना धरलं, खांद्याला धरावं तसं, आणि खाचेत ठेवलं. ते सरळ उभं राहिलं. टॉर्चचा उजेड नीट पडावा म्हणून काका खाली वाकले. खट्!

"आला बरं का आवाज," मावशी म्हणाली.

"मग स्क्रू लावा, पडद्याची वायर कार्डात घाला, आणि करा चालू."

पंखा फिरायला लागला. पडदा काळाच राहिला. मग मशीनच्या पोटातून एक आवाज निघाला. लांबलचक, बारीक. त्यामागून तीन तुटक. थांबून पुन्हा तसेच. एक लांब, तीन आखूड.

मावशीनं आयुष्यात हा आवाज ऐकला नव्हता. तिचे हात हवेतच राहिले.

"बंद करू? जळतंय का ते? बाई, बोल ना गं काहीतरी!"

"थांबा, मोजू द्या. एक लांब, तीन आखूड? बरोबर?"

"अगं हो, पण याचा अर्थ काय?"

"अर्थ असा की ते जिवंत आहे. मेलेलं मशीन गप्प बसतं, काकू. हे तक्रार करतंय. कार्ड सापडत नाही म्हणतंय. प्लग काढा आणि पुन्हा उघडा. खट् झालं होतं ना नक्की?"

"झालं होतं. मी ऐकलं."

"मी पण ऐकलं," काका म्हणाले. मग जरा वेळानं, खालच्या आवाजात, "ते माझ्या गुडघ्यातून आलं असावं."

फोनच्या पलीकडे दुरुस्तीवाली इतकी हसली की तिच्या प्लास्टरमधल्या पायाला कळ लागली असणार. मावशी हसली नाही. तिनं प्लग काढला, झाकण उघडलं आणि कार्डावर बोटं टेकवली.

"दाबा."

"दाबतेय."

"नाही दाबत. मला इथून कळतंय. नुसता हात ठेवलाय तुम्ही."

"मोडेल गं."

"भरलेल्या ट्रंकेचं झाकण लावता ना? तसं. दोन्ही टोकांना, सरळ खाली."

"मी करू का?" काकांनी विचारलं.

"तुम्ही गुडघा सांभाळा."

ती उभी राहिली. मनगटं ताठ केली. अंगठे कार्डाच्या कडेवर ठेवले आणि थोरल्या जुळाऱ्याच्या पट्टीखाली शिकलेलं सगळं विसरून भार टाकला. खालची हिरवी पाटी किंचित वाकली. ती वाकताना दिसली तेव्हा मावशीच्या घशातून एक आवाज निघाला. काका म्हणतात, तसा आवाज त्यांनी लग्नाच्या छत्तीस वर्षांत ऐकला नव्हता. मग खाली कुठेतरी खट् झालं. कोरडं, पक्कं. गुडघ्यासारखं मुळीच नाही.

या वेळी मशीन तक्रार न करता उठलं. पडदा आधी करडा झाला, मग निळा. दुरुस्तीवालीनं सांगितलेला प्रोग्रॅम चालवल्यावर धूसर चित्र एकदम ताणलं गेलं आणि लख्ख झालं. कुलूप ओळखलं गेलं. कोश उघडला.

"दिसतंय?" फोनमधून विचारणा झाली.

"दिसतंय," मावशी म्हणाली. "सगळं आहे. जसंच्या तसं."

दुरुस्तीवालीनं फोन ठेवला. काका टॉर्च जागेवर ठेवायला गेले. मावशीनं खुर्ची ओढली, चष्मा पुसला, आणि दीड वर्षात पहिल्यांदा अक्षर तळहाताएवढं मोठं केलं. धुकं होतंच. पण आता ते एका अक्षराचा कोपराच झाकत होतं, बाकीचं अक्षर त्याच्या बाहेर उभं होतं.

तिनं लोहाराचं प्रकरण लावलं. ते देऊन झालेल्या पानांमधलं होतं. नुसतं बघण्यासाठी, सुख म्हणून.

'माता : भट्टीत वारा घालण्याचे कातड्याचे साधन.'

तिनं वाचलं, आणि पुन्हा वाचलं. भाता हवा होता. लोहाराच्या भात्याची तिनं माता केली होती. तिच्याखाली, त्याच पानावर, 'छिन्नीची घार लावणे'. धार नव्हे, घार. पुढच्या पानावर काही नव्हतं. त्याच्या पुढच्या पानावर तीन चुका होत्या. दीड वर्ष ती अक्षरं बघत नव्हती, आठवत होती. जिथे डोळा पोचला नाही तिथे सवयीनं काहीतरी ठेवून दिलं होतं, आणि खाली शेरा मारला होता. तिला वाटलं, पडदा लागलाच नसता तर? काळाच राहिला असता तर? हा विचार मनात आला म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटली.

काका दारात येऊन उभे राहिले. "अगं, झालं ना नीट? मग असं का तोंड केलंयस?"

तिनं बोटानं पडद्याकडे दाखवलं. काकांनी वाचलं. हसायला तोंड उघडलं, आणि तिच्याकडे बघून मिटलं.

"कुणाला कळणार आहे?" ते म्हणाले. "कोण वाचतं कोश असा ओळीनं?"

"शोधायला येतो तो एकच शब्द वाचतो. त्याला हाच मिळेल."

तिनं मास्तरांना फोन लावला. दुपारची वेळ, ते झोपून उठलेलेच होते.

"बोला, कुठवर आलं?"

"मास्तर, सोमवारी छपाई सुरू करू देऊ नका."

"का हो? मशीन बिघडलं की काय?"

"मशीन चांगलं आहे." तिचा हात टेबलाच्या कडेवर होता, पांढरा पडेपर्यंत दाबलेला. "मला दिसत नव्हतं, मास्तर. मी सांगितलं नाही. चुका राहिल्यात. पुष्कळ."

मास्तर रागावले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?"

दीड वर्षापासून, असं ती म्हणू शकली असती. पण मास्तरांना महिने नको होते, पान हवं होतं, जिथपासून पुढे विश्वास ठेवायचा नाही ते पान. "थांबा," ती म्हणाली. "फोन ठेवू नका."

फोन कानाशी धरून ती एकेक पान मागे जाऊ लागली. दोनशे चाळीस. दोनशे चौदा. एकशे नव्वद. प्रत्येक पानावर मोठ्या, स्वच्छ अक्षरांत काहीतरी सापडायचंच.

"एकशे बासष्टवरही चूक आहे," ती म्हणाली. "अजून मागे जाते."