एनिडच्या घरात फेरेट

एनिड ऑल्डरॉइडला वास सहन होत नसे. यॉर्कशरमधल्या आमच्या खाणगावात अशी तक्रार कुणी मनावर घेत नाही, पण ती नाटक करत नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. एकतीस वर्षं आम्ही दोघी इस्पितळाच्या धुलाईघरात एकाच टेबलाशी उभ्या राहिलो. वॉर्डांतून आलेल्या चादरी निवडायच्या, रक्ताच्या एकीकडे, हगल्या-मुतल्याच्या दुसरीकडे. मी दोन महिन्यांत सरावले. एनिड एकतीस वर्षांत सरावली नाही. ओठ घट्ट मिटून काम करायची आणि घरी जाऊन कोपरापर्यंत हात घासायची.

तिने लग्न केलं नाही. पुरुषाच्या मोज्यांचा नुसता विचार आला तरी नको वाटतं, असं तिने मला एकदा अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. निवृत्त झाल्यावर तिच्या घरात ती आणि डचेस नावाची करडी मांजर, दोघीच. डचेसही तिच्यासारखीच. सकाळचं खाणं दुपारी पुढे ठेवलं तर तोंड फिरवायची आणि स्वतःची घाण मातीने इतकी निगुतीने झाकायची की एनिड कौतुकाने बघत राहायची.

एनिडचा मोठा भाऊ विल्फ गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एकटा राहायचा. खाण बंद पडल्यापासून त्याचा सगळा दिवस गावाबाहेरच्या भाजीच्या वाफ्यांवर जायचा. तिथल्या खोपटीत त्याने टॉफी नावाचा फेरेट पाळला होता. ससे बाहेर काढायला त्यांच्या बिळात सोडायचं हे जनावर, हातभर लांब, मुंगसासारखं निमुळतं. त्यातून टॉफी नर, आणि वसंतात नराला जो दर्प सुटतो तो कुजलेला मध आणि जुनं मूत एकत्र केल्यासारखा असतो. विल्फ त्याला कोटाच्या खिशात घेऊन फिरायचा. एनिड भावाला स्वयंपाकघराच्या दारापलीकडे येऊ देत नसे.

मार्चमध्ये विल्फ वाफ्यावर घसरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. आम्ही इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा त्याने स्वतःबद्दल काही सांगितलं नाही. टॉफीला घेऊन जा, एवढंच म्हणाला. शेजारच्या वाफ्यावरचा आर्नी घ्यायला तयार होता, पण तो जनावरांना उपाशी ठेवून शिकारीवर सोडतो, त्याला द्यायचं नाही, असं विल्फचं म्हणणं.

"दोन आठवडे," एनिड म्हणाली. "पंधराव्या दिवशी उचलून बाहेर ठेवीन."

जनावरांच्या दवाखान्यातल्या नर्सने तिला सगळं समजावून सांगितलं. आधी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं. एकाचं अंथरूण दुसऱ्याकडे द्यायचं, म्हणजे वासाची ओळख होते. मग जाळीआडून भेट, आणि शेवटी एका खोलीत, पण नजरेसमोर. नराची नसबंदी केली तर वास पुष्कळ कमी होईल, असंही नर्स म्हणाली. विल्फ ते ऐकून घेईना. टॉफी कामाचा नर आहे, म्हणाला.

एनिडने पिंजरा मागच्या न्हाणीत ठेवला. टॉफीचं खाणं म्हणजे गोठवलेली कोंबडीची पिल्लं, एक दिवसाची, पिवळी, पिसांसकट. ती माझ्या फ्रीझरमध्ये ठेवशील का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणाले. मग तिने ती तीन पिशव्यांत गुंडाळून स्वतःच्या फ्रीझरमध्ये ठेवली आणि त्यांना लागून ठेवलेली सगळी मासळी टाकून दिली.

टॉफीच्या अंथरुणातलं फडकं तिने चिमट्यात धरून डचेसच्या टोपलीशी नेलं, तेव्हा मी तिथे होते. डचेस फिस्कारेल अशी आमची खात्री होती. तिने हुंगलं, तोंड किंचित उघडं ठेवून थांबली आणि मग त्या घाणीवर गाल, मान, पाठ घासत लोळायला लागली. डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून लाळ.

"बघ," एनिड म्हणाली. "ही माझ्या उशीवर झोपते."

पहिली उघड भेट बिघडली. टॉफी पाठीची कमान करून तिरक्या उड्या मारत आला, डचेसची मानगूट धरली आणि तिला फरशीवरून ओढायला लागला. एनिडने त्याच्यावर पाणी ओतलं. डचेसच्या मानेवरचं रक्त पुसताना तिच्या हाताला तो तेलकट दर्प लागला, आणि तीनदा साबण लावूनही गेला नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. तरी दुसऱ्या सकाळी तिने पुन्हा जाळीपासून सुरुवात केली. सांगितलेलं काम अर्धं सोडायचा तिचा स्वभाव नव्हता. आठवडाभराने डचेसने टॉफीच्या नाकावर दोन सणसणीत पंजे मारले, आणि त्यानंतर दोघं घरभर मोकळी फिरायला आणि एकमेकांना चिकटून झोपायला लागली. डचेसच्याही अंगाला तोच वास यायला लागला.

पंधरा दिवस उलटून गेले, पण विल्फचा खुबा नीट जुळत नव्हता. एप्रिलच्या शेवटी बैठकीच्या खोलीत वेगळाच, गोडसर वास सुटला. एनिडने पडदे धुतले, गालिचा घासला, तरी वास वाढतच गेला. शेवटी तिने मला बोलावलं आणि आम्ही दोघींनी सोफा उलटा केला.

खालचं अस्तर फाडून टॉफीने आत कोठार केलं होतं. त्याला खायला घातलेली कोंबडीची सहा-सात पिल्लं, सशाचा पाय, एनिडचा एक मोजा आणि डचेसने आणून दिलेला उंदीर. सगळं मिळून एकच काळपट लगदा झाला होता आणि तो हलत होता. अळ्या कापसातून गालिच्यावर पडायला लागल्या. एनिड जागच्या जागी ओकली. धुलाईघरात मी तिला कधी ओकताना पाहिलं नव्हतं. तिने तोंड पुसलं, बादली आणली, आणि आम्ही दुपारपर्यंत ते खरवडत बसलो. सोफा मागच्या अंगणात गेला.

"आर्नीला बोलाव," ती म्हणाली. "पण आधी मी विल्फला सांगते. त्याच्या पाठीमागे द्यायचं नाही."

त्याच दुपारी आम्ही इस्पितळात गेलो. विल्फ भिंतीकडे तोंड करून पडला होता. तीन पावलांवरून मला वास आला, म्हणजे एनिडला दारातच आला असणार. औषधाने त्याचं पोट बिघडलं होतं, आणि लाजेपायी त्याने घंटी दाबली नव्हती.

"तू जा," तो म्हणाला. "नर्स येईल."

एनिडने कोट काढून माझ्या हातात दिला. नर्सकडून हातमोजे आणि गरम पाणी मागून आणलं.

"तुला ओकारी येईल, एनिड."

"येतेच आहे. कूस बदल."

तिने त्याला पुसलं. दोनदा तिला उमासा आला, दोन्ही वेळा तोंड खांद्यात खुपसून तिने तो परतवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रडणं नव्हतं.

"माझी किळस येते ना तुला?" विल्फने छताकडे बघत विचारलं.

"येते. लहानपणापासून येते. पाय उचल."

आर्नीचा विषय तिने काढला नाही. परतताना बसमध्ये मी आठवण केली, तर ती म्हणाली, "आज त्याच्याकडून आणखी काय काढून घ्यायचं?"

मे महिन्यात विल्फ तिच्या घरी राहायला आला. त्याला जिना चढवत नसल्यामुळे बैठकीच्या खोलीतच पलंग टाकला, शेजारी शौचाची खुर्ची. तो यायच्या आदल्या आठवड्यात एनिडने त्याला न विचारता टॉफीची नसबंदी करून आणली. विल्फ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिने त्याला तसंच खाऊपिऊ घातलं, पुसलं, आणि तिसऱ्या दिवशी तो आपणहून चहा मागू लागला. वास निम्मा झाला, पण उरलेला निम्मा पुरेसा होता. टॉफी त्याच्या छातीवर झोपायचा, डचेस पायाशी. त्या खोलीत शिरलं की मलासुद्धा तोंडाने श्वास घ्यावा लागायचा.

ऑक्टोबरमध्ये मी गेले तेव्हा एनिड मागच्या पायरीवर कोट घालून बसली होती, मांडीवर ताट. ती जेवण बाहेरच घेते, असं मला तेव्हा कळलं. मी विचारलं, आता तरी सवय झाली का?

"नाही," ती म्हणाली. "म्हणून तर इथे जेवते."

आतून विल्फने हाक मारली. तिने ताट माझ्याकडे दिलं, बाह्या वर सारल्या आणि आत गेली.