नव्हतं ते मी रडत नाय

"सरा गो जरा, मला रडायचंय."

मयताच्या घरी आमची काकी आली की तिचं पहिलं वाक्य हे. चपला दाराशी नीट जोडून ठेवायची, अर्धा तांब्या पाणी मागून प्यायची, पदर खोचायची आणि बायकांच्या घोळक्यातून वाट काढत मयताच्या उशाशी मांडी ठोकायची. कामाला बसावं तशी. मग एक लांबलचक सूर निघायचा आणि मांडवीच्या आमच्या आळीतले पुरुष विड्या विझवून कान द्यायचे.

हेल काढून रडणं तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकलं असेल. ते धड गाणं नसतं आणि धड रडणंही नसतं. मेलेल्या माणसाला हाक मारायची आणि त्याचं आयुष्य सुरात त्यालाच ऐकवायचं. यात एक कायदा सगळ्यांना ठाऊक असतो. रडणाऱ्या बाईला मध्ये तोडायचं नाही. न्यायाधीशालासुद्धा मध्ये बोलणारे वकील भेटतात. काकीला तसा कोणी भेटला नव्हता.

काकी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. तेलाने बोटं काळी पडलेली. तीच बोटं हवेत नाचवत ती रडायची. शेजारचे रिटायर हेडक्लार्क गेले तेव्हा त्यांची बायको सकाळपासून दगडासारखी बसून होती. काकीने सूर लावला, "आता दूधवाल्याशी कोण भांडणार रे बाबा, आळीला जाग कशी येणार रे बाबा..." बाई पदरात तोंड घालून खुदकन हसली. आणि मग जी रडली म्हणता! मुलगा कुजबुजला, "काकी, बाबा फार प्रेमळ होते, तेही घ्या की."

"नव्हतं ते मी रडत नाय," काकी म्हणाली आणि पुढच्या ओळीवर गेली.

आमच्या शाळेतल्या मास्तरांना हा प्रकार गावंढळ वाटायचा. "काकी, दिवस बदलले. शांतपणे देवाचं नाव घ्यावं." काकी म्हणाली, "देवाचं नाव घ्यायला सगळे हायत, मास्तर. मेलेल्याचं कोण घेणार?" मास्तर त्यानंतर तिच्या वाटेला गेले नाहीत.

आता त्या दिवसाचं सांगते. काकीच्या भिंतीला भिंत लागून एक बऱ्यापैकी वजनदार घर होतं. तिथे मंडणगडकडच्या खेड्यातली एक पोर सून म्हणून आली. रात्री तिला पडवीत काढून दार लावून घेतलेलं आम्ही पाहिलं होतं. काकीच्या मागच्या दारी ती गुपचूप दोन घास खायची. एका सकाळी तिला विहिरीतून वर काढलं. पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. पोलिसांत कुणी गेलं नाही. आम्हीही गेलो नाही.

सवाष्ण गेलेली, म्हणून अंगावर घालायच्या माहेरच्या लुगड्यासाठी थांबणं भाग होतं. दुपारी एसटीने आईबाप आले. आईच्या हातात हिरवं लुगडं. ती रडली नाही. लुगडं छातीशी धरून उभी राहिली. सासऱ्याने मयत उचलायची घाई चालवली होती. भजनवाल्यांना त्याने खूण केली आणि टाळ सुरू झाले, चांगले जोरात.

"सरा गो जरा."

सासरा आडवा आला. "काकी, आज नको. आधीच उशीर झालाय."

"मयताच्या दारात बाईला रडायला बंदी कधीपासून रे?" काकी म्हणाली आणि खाली बसली.

तो सूर अजून माझ्या कानात आहे. "उपाशी निजलीस गो बाय, पडवीत कुडकुडलीस गो बाय... गाल सुजला, दार लागलं म्हणलीस गो बाय... बाबाला कळवू नको म्हणलीस गो बाय, मी मेलीनं ऐकलं कशाला गो बाय... विहीर तुझी रोजची गो बाय, आजच पाय कसा घसरला गो बाय..."

सासरा भजनवाल्यांवर ओरडला, "वाजवा!" मृदंगवाल्याने मृदंग मांडीवरून उतरवून ठेवला. टाळ आपोआप थांबले. मुलीचा बाप इतका वेळ हात जोडून उभा होता. त्याने हात सोडले. "उचलायचं नाय," तो म्हणाला. "मी चौकीवर जाऊन येईपर्यंत कुणी हात लावायचा नाय." आमच्या आळीतले दोघे त्याच्याबरोबर गेले.

पंचनामा झाला, खटला झाला. कोर्टात काकीला विचारलं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का? ती म्हणाली, "भिंत एकच हाय. मी ऐकलंय." शेवटी सासरचे सगळे सुटले. कारखान्याचा मालक त्यांच्या नात्यातला, त्याने काकीला कामावरून काढलं. ती लोकांच्या घरी पापड लाटू लागली. घाबरून गप्प बसली असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही तिला ओळखलं नाहीत. वर्षाने त्या घरातली म्हातारी वारली. काकी तिथेही गेली, पाणी मागून प्यायली आणि बसली. तिला थांबवायची कुणाची छाती झाली नाही. सुनेचं नाव त्या घरात पुन्हा सुरात घेतलं गेलं.

नंतर दोनतीन वर्षांत काकी स्वतःच गेली. मुंबईहून तिचा मुलगा आला. भला मुलगा, पण शहाणा. त्याने उशाशी टेपरेकॉर्डर ठेवून अभंगांची कॅसेट लावली आणि आम्हाला हळूच सांगितलं, "कुणी हेल काढू नका हं, आईला शांतपणे जाऊ दे." आम्ही शांत बसलो. खरं सांगायचं तर आमच्यातल्या एकीलाही ते येत नव्हतं. तिच्यासारखी बाई आणि तिच्यामागे टेप वाजतेय, याचा मला असा संताप आला होता की रडूही फुटेना.

काकी गेल्याचा निरोप मी मंडणगडच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर धाडला होता. दुपारच्या गाडीने विहिरीत गेलेल्या त्या पोरीची आई आली. वाकून तिने टेपची बटणं चाचपली. कुठलं दाबायचं ते कळेना, तेव्हा सरळ वायर उपटली. मग खाली बसली. आवाज घोगरा, सूर पार चुकलेला.

"माझ्या लेकीचं सगळं सांगितलंस गो बाय... कुणाला भ्यायली नायस गो बाय... हातचं काम गेलं गो बाय, तरी बोललीस गो बाय..."

मुलगा पुढे सरसावला. मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "खाली बस. तिचं अजून व्हायचंय."